खाणीतला धोंडा चिकटत नाही

"टीचर, चिकटत नाय."

दीक्षाने दगड उलटा केला, दुसऱ्या बाजूने चुंबक लावला आणि वर उचलला. चुंबक वर आला, दगड मेजावर तसाच. मी म्हटलं, नीट धर. तिने नीट धरलं. मग मी तिच्या हातातून चुंबक घेतला आणि स्वतः लावला. आपण लावला की चिकटेल असं मोठ्या माणसांना उगाच वाटत असतं. नाही चिकटला.

आता हा दगड रस्त्यावरचा असता तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, दगड तो दगड. पण हा खाणीतला धोंडा होता. लोखंडाचा. जांभळट काळा, हातात घेतला तर मनगट खाली जाईल इतका जड. हेच धोंडे ट्रकांत भरून, बार्जमधून बंदरावर नेऊन, बोटींत घालून परदेशी पाठवत होते आणि तिथे त्यांचं लोखंड होत होतं. अख्खं गाव त्याच्यावर जेवलं होतं. आणि माझ्या मेजावर लोखंडाचा धोंडा लोहचुंबकाला ओळख दाखवायला तयार नव्हता.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. आता निवृत्त झाले. मूळची कोरगावची, त्यामुळे नोकरीची बहुतेक वर्षं पेडणे तालुक्यातच गेली. शेवटी शेवटी बदली झाली ती डिचोलीला, खाणीच्या पट्ट्यातल्या एका गावात. शाळा एकशिक्षकी. म्हणजे पहिली ते चौथी सगळे वर्ग एका खोलीत आणि शिकवणारी, घंटा वाजवणारी, पाण्याची टाकी भरली का बघणारी, कुलूप लावणारी अशी सगळी मिळून एकच बाई. लोक मला विचारायचे, एका वेळी चार वर्ग कसे शिकवता हो? अहो, घरात चार पोरं असली तर आई काय वेळापत्रक लावून वाढते? एकाला लिहायला बसवायचं, दुसऱ्याला वाचायला, तिसऱ्याला गप्प बसायला आणि चौथ्याला शिकवायचं.

खाणी चालू होत्या तेव्हा या शाळेत बसायला जागा नसायची म्हणे. मी आले तेव्हा जागाच जागा होती. खाणी थांबल्या आणि माणसं पांगली. सिंधुदुर्गातून ट्रक चालवायला आलेली घरं परत गेली, ज्यांना जमलं ती डिचोलीत, साखळीत गेली. पहिली ते तिसरी मिळून दोन बाकांवर मावतील एवढी पोरं उरली होती. आणि चौथीत एकटी दीक्षा.

एकट्या मुलीचा वर्ग शिकवायला सोपा असेल असं वाटतं. तसं नसतं. गणित होतं, मराठी होतं, पण विज्ञानात बल आलं की पंचाईत. बल म्हणजे फोर्स. लहान मुलांना आम्ही एवढंच सांगतो: ढकलणं नाहीतर ओढणं. दार ढकललं, बल लावलं. विहिरीतून बादली ओढली, बल लावलं. चुंबक खिळ्याला हात न लावता ओढतो, तेही बलच. हे सांगून कळत नाही, करून कळतं, आणि करायला दोन माणसं लागतात. रस्सीखेच एकट्याने कशी खेळणार? पहिलीतली पोरं तिच्यासमोर उभी केली तर सरळ फरफटत यायची. म्हणून दोरीचं दुसरं टोक मी धरायची.

"टीचर, तुम्ही मुद्दाम हरता," ती म्हणायची.

"मी नाही गो हरत. माझे गुडघे हरतात."

ती हसायची नाही. फार विचार करणारी मुलगी होती. गुडघे हरतात हे बल कुठलं, ढकलण्याचं की ओढण्याचं, असं ती मला विचारायची आणि मला उत्तर यायचं नाही.

तर धोंडा. चूक माझीच होती, पण ती समुद्रकाठच्या बाईची चूक होती. आमच्याकडे, मांद्र्याच्या किनाऱ्यावर, वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळे बारीक कण चिकटतात आणि चुंबकाला मिशा फुटतात. पेडण्याच्या शाळांत मी हा पाठ तसाच शिकवत आले. पोरं खूश व्हायची. मला वाटलं, जिथे साध्या वाळूत एवढं लोखंड, तिथे खाणीच्या गावात तर विचारायलाच नको. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुमच्या गावात अख्खा डोंगर लोखंडाचा आहे. उद्या घरातला धोंडा घेऊन या. चुंबक कसा झडप घालतो बघा."

त्या गावात घरोघरी एक तरी धोंडा असतोच. कोणाच्या टीव्हीवर, कोणाच्या दाराला आड लावायला. पोरांनी सगळे उचलून आणले. एकही चिकटला नाही. पहिलीतला एक जण तर रडायलाच लागला, "माझो दगड बिघडलो" म्हणून. मी काय करणार? म्हटलं, उद्या सांगते. शिक्षकाला उत्तर येत नाही तेव्हा तो उद्या सांगतो.

आमच्या शाळेत एक पद्धत होती, मीच घातलेली. चुंबक रोज एका मुलाने घरी न्यायचा, घरात कशाकशाला चिकटतो ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. त्या दिवशी पाळी दीक्षाची. मी चुंबक तिच्या दप्तरात टाकला आणि कुलूप लावून बसला उभी राहिले. त्या चुंबकाने त्या घरात काय होणार आहे याची मला काहीच कल्पना नव्हती.

घरी येऊन मी मोबाईलवर वाचलं. खाणीतल्या धोंड्यात लोखंड असतं, भरपूर असतं, पण मोकळं नसतं. प्राणवायू त्याला धरून बसलेला असतो, गंजात असतो तसा. तशा बांधलेल्या लोखंडाला चुंबक जवळजवळ ओळखत नाही. हा धोंडा कोळशाबरोबर खूप तापवला की प्राणवायू थोडा सुटतो आणि मग उरतं ते चुंबकाला चिकटतं. पोलादाच्या भट्टीत हेच मोठ्या प्रमाणात करतात. आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळू वेगळ्या जातीची, तिला तापवावं लागत नाही. हे सगळं मी सोप्या शब्दांत उद्या सांगायचं ठरवून ठेवलं.

पण दुसऱ्या दिवशी पोरांच्या आधी उमेश आला.

उमेश म्हणजे दीक्षाचा बाप. मूळचा दोडामार्गकडचा, पण त्याच्या बापापासून हे घर इथेच. खाणीवर स्वतःचा टिपर होता, म्हणजे मागचा हौदा उचलून माल खाली करणारा ट्रक. खाणी थांबल्यापासून टिपर घराच्या दारात उभा. आडवातिडवा माणूस, पण आवाज कधी चढवायचा नाही. चपला बाहेर काढून दारात उभा राहिला.

"टीचर, आमच्या दगडात लोखंड नाय म्हणून सांगितल्यात तुमी?"

"मी असं काही सांगितलं नाही."

"मगे ही खयसून शिकली?"

मग त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे जुने दोघे ड्रायव्हर चहाला बसले होते. दीक्षा चुंबक घेऊन आली. टिपरला सगळीकडे लावून झाला, टक् टक् चिकटला, सगळे हसले. मग तिने टीव्हीवर परत ठेवलेल्या धोंड्याला लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पप्पा, ह्यात लोखंड नाय. टीचरनी पण लावून बघितला." त्या दोघांपैकी एक म्हणाला, "म्हणजे उमेशा, जल्मभर मातीच वाहिलंस मरे." झालं. दोघे हसून हसून बेजार. उमेश उठला, धोंडा उचलला आणि मागच्या झाडीत फेकून दिला. पोरीला रागावला नाही, मारलं नाही. तिच्याशी बोलायचाच बंद झाला.

"टीचर," तो म्हणाला, "ती माती वाहून वाहून आमी हे रस्ते लाल केले. आता ट्रक उभो. घरात बायल कमावता. पोरीक सांगूक माझ्याकडे एकच होता, तुझ्या बापाशीन लोखंड वाहिला. ता पण गेला."

मी त्याला प्राणवायू समजवायला लागले. त्याने हात वर केला.

"ता सगळा ऱ्हवांदे. दाखलो द्या. डिचोलीक घालतंय तिका. थय असले खेळ नसतत."

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. बापाने मागितला तर द्यावा लागतो. आणि दीक्षा गेली तर आमची शाळा खात्याच्या ठरलेल्या संख्येच्या खाली जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. वरून तसं बजावलंच होतं. संख्या घटली की शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन, वर्षाच्या मध्ये असली तरी. उरलेली पोरं व्हॅनने तिकडे, आणि मी जिथे जागा असेल तिथे.

खरं सांगू? शाळेपेक्षा मला माझीच काळजी जास्त होती. लग्न मी केलं नाही. आई गेल्यापासून कोरगावचं घर बंद. भाऊ बंगळूरला, रविवारी फोन करतो. डिचोलीत एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायची. शाळा सुटल्यावर माझा आवाज मला दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेलाच ऐकू यायचा. सगळ्या दिवसात माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे ही पोरं, आणि त्यांतही खरं बोलणं दीक्षाशी. निवृत्तीपर्यंतचे थोडे महिने ते तरी राहावं असं मला वाटत होतं. स्वार्थ तर स्वार्थ.

आणि राग आला की माझी जीभ माझ्या आधी धावते. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांबा, उमेशबाब. शनिवारी तुमच्या खाणीच्या धोंड्याला हाच चुंबक चिकटवून दाखवते. नाही चिकटला तर दाखला मी घरी आणून देते."

"शनवारी," तो म्हणाला आणि चपला घालून गेला. वाचलं होतं मी मोबाईलवर. केलं कधी नव्हतं.

दीक्षा आली ती सरळ माझ्या मेजापाशी. चुंबक ठेवला.

"टीचर, हा मला नको."

"का गो?"

"पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. मी खोटं नाय सांगितलं. नाय चिकटला तर नाय सांगायचं ना?"

"हो. नाही चिकटला तर नाही सांगायचं."

"मग?"

विज्ञानात आम्ही मुलांना सांगतो, जे दिसेल तेच सांगा. त्याने घरात काय होईल ते पुस्तकात नसतं. ती जागेवर जाऊन बसली. दिवसभर चुंबकाकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिला प्रयत्न मी खोलीवर केला, गॅसवर. धोंड्याचा तुकडा सांडशीत धरला आणि ज्वाळेवर ठेवला. थोड्याच वेळात तो तडतडला आणि एक टवका उडून जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचेवर बसला. खालून घरमालकीण ओरडली, "टीचर, किदें जालें गो?" मी म्हटलं, पापड भाजते. तुकडा गार करून चुंबक लावला. शून्य. नुसतं तापवून भागत नाही, कोळसा लागतो आणि वारा लागू द्यायचा नाही, हे मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. म्हणजे झाकणाचा डबा, आत धोंड्याची भुकटी आणि करवंटीच्या कोळशाची भुकटी, आणि बाहेर लाकडांची दणदणीत आग. ती आग खोलीवर कुठे करणार? शाळेच्या अंगणात करता आली असती. म्हणून मी एडीईआय मॅडमना फोन लावला. एडीईआय म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकारी, आमच्या वरच्या. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, कामाला चोख.

"मॅडम, एक प्रयोग करायचाय. अंगणात थोडी आग करावी लागेल."

"आग? कुठल्या पाठासाठी?"

"चुंबक."

"टीचर, चौथीच्या चुंबकात आग कुठे आली? चुंबक लोखंडाला आकर्षतो, संपला पाठ."

"इथल्या मुलांचा तिथे नाही संपत, मॅडम."

"उद्या एखाद्याचा हात भाजला तर रिस्क कोण घेणार? शाळेत मुलं आहेत. नको. व्हिडिओ दाखवा ना."

त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही नकोच म्हटलं असतं. पण व्हिडिओतला धोंडा परदेशी, आणि उमेशला त्याचं काय? मी फोन ठेवला आणि वर्गातच बसून विचार करत होते. दीक्षा वही तपासायला घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आमच्या न्हाणीत चूल आहे," ती म्हणाली. "भाणाखाली. रोज पेटते."

भाण म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं तांब्याचं भांडं. जुन्या घरांत न्हाणीच्या कोपऱ्यात तीन धोंड्यांवर बसवलेलं असतं. म्हणजे ज्या माणसाला दाखवायचं त्याच्याच घरात, त्याच्याच चुलीत. माझी काही फार इच्छा नव्हती. पण दुसरी चूल कुठे होती?

शनिवारी अर्धी शाळा. कुलूप लावलं आणि दीक्षाबरोबर तिच्या घरी गेले. पिशवीत दूध पावडरचा डबा, त्यात कुटून ठेवलेली दोन्ही भुकटी, झाकणाला आतला वायू बाहेर पडायला खिळ्याने पाडलेलं एक भोक. आणि चुंबक. दीक्षाची आई शुभांगी काजूच्या फॅक्टरीत जायची, त्या दिवशी मुद्दाम घरी राहिली होती. तिने पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि चहा पुढे केला. उमेश बाहेर टिपरखाली पाना घेऊन आडवा झाला होता. न चालणाऱ्या ट्रकमध्ये काय दुरुस्त करत होता देव जाणे. मला बघून तो बाहेर आला नाही.

शुभांगीने चूल पेटवली. मी डबा निखाऱ्यांत पुरला, वर लाकडं रचली. दीक्षा न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली, आत आली नाही. शुभांगी हळूच मला म्हणाली, "टीचर, दोघां एकमेकांच्या समोर जेवतत आणि बोलनत नाय. माझ्याच्यान बघवत नाय." मी म्हटलं, होईल. होईल म्हणायला माझं काय जात होतं?

या प्रयोगात तापवण्याइतकंच गार करणं महत्त्वाचं. डबा बंद ठेवून पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम असताना उघडला की वारा आत शिरतो आणि सुटलेला प्राणवायू परत येऊन बसतो. हे मी वाचलं होतं, लिहून घेतलं होतं, शुभांगीला सांगितलंही होतं. डबा चुलीतच ठेवायचा आणि उद्या रविवारी सकाळी येऊन उघडायचा, असा माझा बेत.

लाकडं खाली बसली तेव्हा उमेश न्हाणीच्या दारात आला. हाताला ग्रीस.

"झाला?"

"उद्या सकाळी उघडायचा आहे."

"उद्या? शनवार म्हटलाल्यात तुमी."

एवढंच म्हणाला. पण ज्या तोंडाने म्हणाला त्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, हा समजतोय मी फसवून वेळ काढते. मी सांडशी घेतली, डबा बाहेर ओढला आणि झाकण उडवलं. भुकटी आत लाल निखाऱ्यासारखी. वारा लागला तशी आणखी उजळली. मी ती पत्र्यावर ओतली, थोडी चुलीच्या राखेत सांडली. निवली तेव्हा तिचा रंग झाला तांबडा, विटेसारखा. चुंबक लावला. दोन-चार कण आले असतील नसतील. मला तरी दिसले नाहीत.

उमेश रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "टीचर, पाच वाजतले. बस चुकात तुमची." आणि हात धुवायला वळला.

मी तिथे पाटावर बसून राहिले. इतकी वर्षं पोरांना धीर धरा, धीर धरा सांगत आले आणि माझ्या हातून एक रात्रसुद्धा डबा बंद राहिला नाही. आता सोमवारी दाखला भरायचा, ही पोर डिचोलीला जाणार आणि बापाचं तोंड बंदच राहणार. एवढं सगळं मी एका धोंड्यापायी केलं होतं.

शुभांगीने चुलीतली उरलेली लाकडं बाहेर ओढली, राखेवर पाणी मारलं. तेवढ्यात दीक्षा उठली. चार दिवसांत पहिल्यांदा तिने चुंबकाला हात लावला. तिला राखेत सांडलेली भुकटी बघायची होती. "सगळी नाय झाली असेल लाल," ती म्हणाली. पण चूल अजून गरम. हात जाईना. मग तिने आईच्या अबोलीच्या करंडीतला दोरा घेतला, चुंबकाला बांधला आणि उभी राहून राखेवर सोडला.

चुंबक राखेकडे गेलाच नाही. तो वाकडा झाला. दोरा तिरका झाला, आणि चुंबक चुलीच्या धोंड्याला जाऊन बसला.

"कोणी ढकलला?" दीक्षाने विचारलं. कोणी ढकलला नव्हता.

तिने ओढून काढला. परत सोडला. परत तिरका होऊन तिथेच. शेजारच्या धोंड्यावर नेला, तर सरळ लोंबकळत राहिला. तिसऱ्यावर, तसाच सरळ. पुन्हा पहिल्यावर, टक्.

मी गुडघ्यावर बसले आणि बघितलं. तीनपैकी दोन धोंडे जांभ्या चिऱ्याचे. तिसरा काजळीने काळा झालेला, पण चिऱ्याला असतात तशी भोकं त्याला नव्हती. हाताने हलवून बघितला. हलला नाही इतका जड.

"शुभांगी, हा धोंडा कुठला?"

"खाणीचो. आमच्या हय सगळ्यांच्या न्हाणीत एक असता. भाण उतू गेला काय तापलेल्या चिऱ्यार पाणी पडता आणि चिरो फुटता. खाणीचो फुटणा नाय."

मला ते कळायला क्षणभर लागलं. रोज सकाळी आग, रोज निखारे, रोज कोळसा त्याला चिकटून. वर्षानुवर्षं. मी डब्यात दोन तासांत करायला बघत होते ते ही न्हाणी रोज करत होती, आणि कोणी झाकण उघडायची घाई केली नव्हती. मी उमेशला हाक मारली. माझा आवाज चांगलाच चढला असावा, कारण तो साबणाचे हात घेऊनच आला.

दीक्षा त्याच्याकडे बघत नव्हती. तिने दोरा नुसता पुढे केला. त्याने घेतला. चुंबक तिरका झाला आणि बसला. त्याने ओढला, सोडला. ओढला, सोडला. मी जे सांगायचं ते सांगितलं, की लोखंड आधीपासून होतंच, बांधलेलं होतं, आगीने आणि कोळशाने त्याची गाठ थोडी सैल केली. तो ऐकत होता की नाही मला माहीत नाही.

"हो मीच आणलेलो," तो म्हणाला. "शुभांगीच्या बाळंतपणाक. पाणी खूप लागायचा. जुनी चूल फुटली होती. खाणीवरसून टिपरात घालून आणलंय." मग चुंबक परत ओढून काढत म्हणाला, "हिच्या पहिल्या आंघोळीचा पाणी ह्याच्यारच तापला."

"पप्पा, हळू ओढा," दीक्षा म्हणाली. "जोरात ओढला तर दोरा तुटेल."

"तू गप," तो म्हणाला.

ती इतकी हसली की मला तिच्या पडलेल्या दातांच्या फटी पहिल्यांदा दिसल्या.

मी बस चुकवली. उमेशने शेजाऱ्याची स्कूटर मागून घेतली आणि मला डिचोलीला सोडलं. वाटेत दाखल्याचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. सोमवारी सगळ्या पोरांना सांगितलं, न्हाणीतला धोंडा तपासून या, पण चूल गार असताना. पहिलीतला तो रडणारा धावत आला, "माझो चांगलो आसा, टीचर." म्हटलं, असेल रे, तुझा तर सगळ्यांत चांगला.

फेब्रुवारी, मार्च मजेत गेले. दीक्षा आणि मी रस्सीखेच खेळलो. ती मला विचारायची, मी तिला उद्या सांगायची.

पण चौथीनंतर आमच्याकडे वर्गच नाही. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि दाखला मी स्वतःच्या हाताने लिहिला, कारण आता तो नियमानेच द्यायचा होता. त्याच सुमारास उमेशला पेडण्याच्या विमानतळावर ड्रायव्हरचं काम मिळालं. टिपर विकला. सामान टेम्पोत भरलं आणि सगळी तिकडे, माझ्या तालुक्यात, राहायला गेली. जाताना दीक्षा येऊन पाया पडली. मी तिला काहीतरी म्हणायचं ठरवलं होतं, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

जूनसाठी पहिलीत कोणीच नाव घातलं नाही. मे महिन्यात ऑर्डर आली, शाळा विलीन.

"टीचर, किल्ल्या कधी देताय?" मॅडमनी फोनवर विचारलं.

"परवा."

आवरायला गेले. नकाशे गुंडाळले, कपाट पुसलं. पिशवीत तो दूध पावडरचा डबा होताच. अंगणात आंब्याचा पाचोळा पडला होता, शेजारून करवंट्या मागून आणल्या. शाळेत आता मुलं नव्हती, त्यामुळे धोका नव्हता. परवानगी मी मागितली नाही. धोंड्याची आणि कोळशाची भुकटी डब्यात भरली, आग केली, माती लोटली आणि खोलीवर निघून गेले. झाकणाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. भुकटी काळीभोर. चुंबक नुसता जवळ नेला तर तिने उसळी घेतली आणि त्याला चारी बाजूंनी वेढून टाकलं. झटकला तरी सुटेना. मी "हे बघा" म्हणून मान वर केली. समोर पाचोळा आणि कुलूप लावलेलं दार.

हा प्रयोग कोणा शिक्षकाला करायचा असेल तर सूचना सोप्या आहेत. भुकटी बारीक करावी. डबा पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये. आणि एकट्याने करू नये. भाजायची भीती फारशी नाही, पण चिकटला तर सांगायला समोर माणूस लागतं.